दहा बाय अकराची खोली

गेल्या वर्षी नवरात्र संपल्यावर दिवाळीच्या साफसफाईचे निमित्त करून मी माझी खोली पूर्ण रिकामी केली. १० फूट बाय ११ फुटांची ही खोली. पश्चिमेला एक सरकती खिडकी, दक्षिणेच्या भिंतीला लागून बारा वर्षांपूर्वी घेतलेला पेटीचा पलंग, एक लोखंडी कपाट, भाषांतराच्या कामाचे माझे टेबल, आणि या सगळ्यांच्या मधल्या जागेत घरात इतरत्र न मावलेल्या वस्तूंची दाटी. इस्त्रीचे टेबल, पाहुण्यांच्या गाद्या, व्यायामाची सायकल, चाक निखळलेली प्रवासाची बॅग आणि ‘कधीतरी लागतील’ म्हणून जपलेली रिकामी खोकी. खोली माझी म्हणून ओळखली जात होती, परंतु टेबलाचा कोपरा सोडला तर तिच्यात माझे म्हणावे असे काही उरले नव्हते.

काय ठेवायचे आणि काय काढायचे हे ठरवताना मी एकच कसोटी लावली. या खोलीत मी तीन गोष्टी करते: झोपते, काम करते आणि संध्याकाळी वाचते. या तिन्हींपैकी एकीलाही न लागणारी वस्तू कितीही चांगली असली तरी तिची जागा दुसरीकडे आहे, असे मानले. सर्वांत मोठा अडसर निघाला तो पेटीच्या पलंगाचा. ज्या पलंगाच्या पोटात इतके सामान मावते, तो पलंग सामान साठवायला आपल्याला सतत उद्युक्त करत राहतो. दिसत नाही म्हणून ते आहे हेही आपण विसरतो. तीन रविवार या कामात गेले. रद्दी आणि भंगार यांची सोय लगेच झाली. बोहारीण आमच्या भागात आता क्वचितच येते, परंतु त्या आठवड्यात ती आली आणि जुन्या कपड्यांच्या दोन गाठोड्यांच्या बदल्यात एक स्टीलची परात देऊन गेली. पलंगाच्या जागी साधी, बुटकी, खालून मोकळी अशी लाकडी खाट आली.

तिसऱ्या रविवारी संध्याकाळी मी त्या खोलीत जाऊन बसले आणि पंधरा मिनिटांत उठून बाहेर आले. खोली मोकळी झाली होती, तरी तिच्यात बसवत नव्हते. मराठीत ‘ओकेबोके’ हा शब्द आहे, तो त्या खोलीला तंतोतंत लागू पडत होता. मिनिमलिझम या नावाने मला जे हवे होते त्याला मी मनात ‘मोजकेपणा’ म्हणत होते. प्रत्यक्षात हाती आला होता ओकेबोकेपणा, आणि या दोहोंमध्ये नेमका काय फरक आहे हे शोधण्यात पुढचे सहा महिने गेले.

पहिली जाणवलेली गोष्ट म्हणजे आवाज. फोनवर बोलताना माझाच आवाज मला भिंतींवरून परत ऐकू येत होता. सामानाने भरलेल्या खोलीत गाद्या, कपडे, पुस्तके आणि खोकी आवाज शोषून घेत होती, त्याकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते. आता उरली होती ती २ फूट बाय २ फुटांच्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्सची फरशी, गुळगुळीत भिंती आणि काच. या तिन्ही पृष्ठभागांवरून ध्वनी जवळजवळ जसाच्या तसा परततो. खोली भकास वाटण्यात डोळ्यांपेक्षा कानांचा वाटा मोठा असू शकतो, हे मला तेव्हा उमगले. सजावटीची छायाचित्रे पाहून खोली लावणाऱ्यांची इथेच फसगत होते, कारण छायाचित्राला आवाज नसतो.

यावर उपाय होता तो कापडाचा. खिडकीला पाच फुटांचा दांडा आहे. त्यावर पाच-साडेपाच फूट रुंदीचा पडदा ताणून लावला तर तो नुसता आडोसा होतो, परंतु दुप्पट म्हणजे दहा फूट रुंदीचे कापड घेतले तर त्याला चुण्या पडतात, आणि याच चुण्या प्रकाश गाळतात व आवाजही मुरवतात. मी बिनरंगवलेले, पिवळसर झाक असलेले हातमागाचे सुती कापड घेतले. शिवायला देण्यापूर्वी ते रात्रभर पाण्यात भिजवून वाळवले, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि जमिनीपर्यंत पोचणारा पडदा दोन बोटे वर चढला की तो कोणी दुसऱ्या घरातून आणून लावल्यासारखा दिसतो.

फरशीवर मी घोंगडी अंथरली. हा निर्णय घरातल्यांना विचित्र वाटला, कारण घोंगडी पांघरायची, बसायची किंवा जागरणाला वापरायची वस्तू. परंतु दख्खनच्या पठारावरील मेंढ्यांच्या जाड, राठ लोकरीपासून विणलेली ही वस्तू फरशीवर जितकी शोभते तितका कुठलाही यंत्रावर विणलेला गालिचा शोभत नाही, असे माझे ठाम मत आहे. तिचा काळा आणि करडा रंग मेंढीचाच असतो, त्यासाठी वेगळे रंगवावे लागत नाही. विणकर तिला चिंचोक्याची खळ देतात, त्यामुळे नवी असताना ती ताठ असते आणि पायाला टोचते. वापरता वापरता मऊ होते. मला तिचे हे टोचणे आवडते. खाटेवरून पाय खाली टाकले की गार, निसरड्या टाइलऐवजी काहीतरी जिवंत पायाला लागते. ती अंथरली त्याच दिवशी खोलीतला प्रतिध्वनी निम्म्याने ओसरल्यासारखा वाटला.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. उबदार खोली म्हटले की आपल्यासमोर जी चित्रे येतात ती बहुधा उत्तर युरोपातली असतात. डेन्मार्कमध्ये या घरगुती उबेसाठी ‘ह्युगे’ असा शब्दच आहे. तिथे हिवाळ्यात दुपारी चारच्या सुमारास अंधार होतो, उन्हाळा छोटा असतो, म्हणून भिंती शुभ्र पांढऱ्या ठेवून मिळेल तो प्रकाश खोलीभर पसरवणे आणि लोकरीची पांघरुणे वर्षभर खुर्चीवर टाकून ठेवणे त्यांच्या हवामानाला धरून आहे. पुण्यात पश्चिमेच्या खिडकीतून एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता जे ऊन आत येते, ते शुभ्र भिंतीवर पडले की डोळे मिटून घ्यावे लागतात. आपल्याला प्रकाश वाढवायचा नसतो, त्याला मवाळ करायचे असते. शिवाय आपली ऊब दिवसाच्या आणि वर्षाच्या ठराविक वेळीच हवीशी असते; वैशाखात तिच्याऐवजी गारवा लागतो. म्हणून माझी घोंगडी होळीनंतर उन्हात टाकली जाते, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून गुंडाळली जाते आणि तिच्या जागी चटई येते. मग खिडकीला वाळ्याचा पडदा लागतो, त्यावर पाणी शिंपडले की वाऱ्याबरोबर त्याचा गंध खोलीत येतो. पावसाळ्यात लोकर ओल धरते आणि तिला कुबट वास येतो, त्यामुळे त्या चार महिन्यांतही फरशी मोकळीच ठेवते. त्याच दिवसांत कपाट भिंतीपासून तीन बोटे पुढे ओढून घेते, म्हणजे मागे हवा खेळती राहते आणि भिंतीला बुरशी धरत नाही. मोजक्या वस्तू असण्याचा खरा फायदा मला इथे कळला: दोन-चार गोष्टी बदलल्या की खोली ऋतूप्रमाणे बदलते, आणि हे बदलण्याचे काम एका सकाळीत उरकते.

भिंतींच्या बाबतीत माझी एक चूक झाली. आजोळच्या घराला दर वर्षी चुना लावला जाई, आणि त्या भिंतींची ती किंचित खडबडीत, आतून उजळलेली पांढराई मला हवी होती. मी चुना आणला, भिजवला, गाळला, आणि दाराआडच्या भागात दोन हात मारले. वाळल्यावर ते अतिशय सुंदर दिसले. पंधरा दिवसांत मात्र त्याचे पापुद्रे हाताला येऊ लागले. रंगाऱ्याने ते पाहून सांगितले, “ताई, प्लास्टिकवर चुना धरत नाही.” कारण सरळ आहे. चुना गिलाव्याच्या छिद्रांमध्ये मुरतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगडासारखा कठीण होतो. आमच्या भिंतीवर प्लास्टिक पेंटचे थरावर थर असल्याने त्याला मुरायला जागाच नव्हती. सगळा रंग गिलाव्यापर्यंत खरवडून काढण्याची तयारी नसेल तर चुन्याचा हट्ट धरू नये. शेवटी मी चमक नसलेला, सायीच्या रंगाचा साधा पेंट लावला. तो निवडताना चार छटांचे हातभर चौकोन भिंतीवर लावून सकाळी, दुपारी आणि दिवा लावल्यावर असे तीन दिवस पाहिले. दुकानातल्या पट्टीवर ज्या दोन छटांमध्ये फरक दिसत नव्हता, त्यांपैकी एक संध्याकाळी राखाडी झाली आणि दुसरी तशीच प्रसन्न राहिली. आजोळी चुन्यात थोडी नीळ घालत, म्हणजे पिवळेपणा झाकला जाऊन भिंत अधिक पांढरी दिसे. मी मात्र नेमका तो पिवळेपणाच निवडला.

लोखंडी कपाट टाकून द्यावे असा सल्ला अनेकांनी दिला. मोजकेपणाच्या नावाखाली चालत्या वस्तू बाहेर काढून त्यांच्या जागी एकसारख्या फिकट रंगाच्या नव्या वस्तू आणणे मला पटत नाही. तो खर्च आहे, आणि ज्या कपाटाने तीस वर्षे कपडे सांभाळले त्याच्यावर तो अन्यायही आहे. कपाट पॉलिश पेपरने घासले, रेड ऑक्साइडचा हात दिला आणि भिंतीच्याच रंगाच्या ऑइल पेंटचे दोन हात दिले. आता ते भिंतीत मिसळून गेले आहे. टेबलाचा सनमायका लावलेला पृष्ठभाग मात्र काढला आणि सासरच्या जुन्या घरातून आलेली एक सागवानी फळी त्यावर बसवली. तिला जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात दिले. हे करणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की जवसाच्या तेलात भिजलेली चिंधी चुरगाळून कचऱ्यात टाकू नये; तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि अशी चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती मोकळ्या हवेत पसरून वाळवावी आणि मगच टाकावी.

खोलीचे रूप सर्वाधिक पालटले ते दिव्यांमुळे. छताजवळच्या एका ट्यूबलाइटवर आमच्या पिढीची घरे वाढली. ती ट्यूब खोलीचे चारही कोपरे सारखेच उजळते, त्यामुळे नजर कुठे टेकत नाही आणि माणसाच्या चेहऱ्यावरही कष्टी छटा येते. एलईडी दिव्याच्या खोक्यावर केल्व्हिन या एककात एक आकडा छापलेला असतो. ६५०० हा आकडा निळसर पांढऱ्या प्रकाशाचा, २७०० हा जुन्या तारेच्या बल्बसारख्या पिवळसर प्रकाशाचा. समईच्या किंवा मेणबत्तीच्या ज्योतीचा आकडा तर २००० च्याही खाली असतो. आकडा जितका लहान तितका प्रकाश उबदार, हे आधी उलटे वाटते, परंतु एकदा लक्षात आले की दुकानात फसगत होत नाही. दुसरा आकडा सीआरआयचा. हा वस्तूंचे रंग किती खरे दिसतील ते सांगतो. ८० च्या दिव्याखाली चालून जाते, परंतु ९० किंवा त्याहून अधिकच्या दिव्याखाली लाकडाचा तांबूसपणा, लाल सुती कापड आणि माणसाची त्वचा यांच्यात जीव येतो. चार पैसे जास्त पडले तरी झोपायच्या खोलीत यावर काटकसर करू नये.

माझ्या खोलीत आता तीन दिवे आहेत. टेबलावर ४००० केल्व्हिनचा कामाचा दिवा, खाटेच्या उशाशी २७०० चा छोटा दिवा, आणि कपाटाशेजारच्या कोपऱ्यात जमिनीपासून हातभर उंचीवर कापडी छत्रीतला तिसरा, तोही २७०० चाच. बसल्यावर छत्रीची खालची कड डोळ्यांच्या पातळीला येईल अशी तिची उंची ठेवली, म्हणजे बल्ब डोळ्यांवर येत नाही. ट्यूब काढली नाही. फरशी पुसताना आणि पडलेली टाचणी शोधताना तिच्याइतके उपयोगी काही नाही. एरवी संध्याकाळी सातनंतर खोलीतले दोन कोपरे अंधारात असतात, आणि तो अंधार खोलीला खोली देतो असे मला वाटते. सगळे दिसत असते तेव्हा खोली लहान भासते.

उंचीच्या बाबतीतही मी पुष्कळ प्रयोग केले. भिंतीवरचे चित्र उभ्या माणसाच्या नजरेला येईल असे, म्हणजे त्याचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांच्या आत, टांगण्याची पद्धत आहे. परंतु माझ्या खोलीत उभे कोणी राहतच नाही. मी खाटेवर किंवा खाली घोंगडीवर बसते. खाली बसलेल्या माणसाची नजर अडीच फुटांवर असते. म्हणून खोलीतले एकमेव चित्र, वारली शैलीतला भातलावणीचा एक लहान कागद, मी जमिनीपासून तीन फुटांवर लावले. दारातून पाहणाऱ्याला ते चुकून खाली राहिल्यासारखे दिसते. बसलेल्याला मात्र ते आपल्याशी बोलते.

या बसण्याच्या उंचीचा विचार मला सुचला तो सेवाग्राममुळे. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले. त्या गावाचे पुढे सेवाग्राम झाले. तिथली बापू कुटी मी दोनदा पाहिली आहे. ही कुटी आधी गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांची होती. मातीच्या भिंती, मातीची जमीन, चटई, बैठे मेज. तिथे वस्तू इतक्या थोड्या आहेत की बोटांवर मोजाव्यात, आणि तरीही ती जागा रिकामी वाटत नाही. मला त्याचे एक कारण असे दिसले की भिंतीवर काही टांगलेले नसून मीराबेन यांनी भिंतीच्याच मातीतून ताडाची झाडे आणि चरखा उठवलेले आहेत. अलंकार वेगळा आणून चिकटवलेला नाही, तो भिंतीचाच भाग आहे आणि त्यावर हाताचा ठसा आहे. आपल्या फ्लॅटच्या भिंती मातीच्या होणार नाहीत, परंतु सगळे पृष्ठभाग गुळगुळीत ठेवून नंतर त्यांच्यावर शोभेच्या वस्तू मांडण्यापेक्षा, ज्या पृष्ठभागांना रोज हात लागतो तेच खरखरीत, विणलेले, घासून मऊ झालेले असे निवडावेत, हे तिथून मी उचलले.

माझी खोली मनासारखी झाल्यावर मला हुरूप आला आणि त्या भरात मी आईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, खोली लावायला घेतली. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. सहा वर्षांपूर्वी वाईचे घर बंद करून त्या आमच्याकडे आल्या. मार्चमध्ये त्या आठ दिवसांसाठी सांगलीला नणंदेकडे गेल्या, आणि परत आल्यावर त्यांना आश्चर्याचा आनंद द्यावा असे मी ठरवले. खाटेखालची ट्रंक माळ्यावर गेली. फ्रेम केलेले सात फोटो एका खोक्यात गेले. पोथ्यांचा ढीग कपाटात गेला, औषधांची पिशवी खणात गेली, आणि उशाशी खिळ्याला लटकणारे कॅलेंडर मी स्वयंपाकघरातल्या दारामागे लावले. भिंतीला सायीचा रंग, खाटेवर हातमागाची चादर, कोपऱ्यात दिवा, फरशीवर सतरंजी. खोली सुरेख दिसत होती.

आई आल्या, त्यांनी दारातून पाहिले आणि म्हणाल्या, “छान केलंस गं.” त्यानंतर चार दिवस त्या झोपण्यापुरत्या त्या खोलीत जात होत्या आणि उरलेला वेळ बाहेर सोफ्याच्या कडेला बसत होत्या. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी मला विचारले, “दुधाचा खाडा आता कुठे मांडू?”

मग मी ते कॅलेंडर काढून पहिल्यांदाच नीट पाहिले. ज्या दिवशी दूध घेतले नाही त्या चौकोनात फुली. गॅसचा सिलिंडर लावल्याची तारीख. रक्तदाबाची नवी गोळी सुरू केली तो दिवस. नातीच्या परीक्षेचे दिवस, त्यांच्या बहिणीची तिथी, कामवाल्या मावशींची सुट्टी. मी ज्याला भिंतीवरचा एक भडक कागद समजत होते, ती त्यांची वही होती, आणि त्या वहीमुळे या घराच्या कारभारातला आपला वाटा त्या सांभाळत होत्या. मी त्यांना न विचारता तो काढून घेतला होता. याचे मला अजूनही वाईट वाटते.

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघींनी ती खोली पुन्हा लावली. या वेळी मी फक्त उचलून देत होते आणि कुठे ते त्या सांगत होत्या. मला जे अपेक्षित नव्हते ते असे, की त्यांनी सगळे परत ठेवले नाही. सात फोटोंपैकी दोनच घेतले, एक मामंजींचा आणि दुसरा वाईच्या घाटावरचा बहिणींबरोबरचा; उरलेले त्यांनी स्वतःच नणंदेकडे पाठवायचे ठरवले. मी शोभिवंत म्हणून मुद्दाम ठेवलेली काचेची फुलदाणी आणि कुणीतरी भेट दिलेला संगमरवरी हत्ती त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत बाहेर काढले. “हे कशाला? पुसायचं कोणी?” असे म्हणाल्या. ट्रंक मात्र खाटेखाली परत आली. तिच्यात त्यांच्या दोन नऊवारी लुगड्यांची गोधडी आहे, आतल्या थराला मामंजींची धोतरे आहेत, आणि कडेपासून सुरू होऊन फिरत फिरत मध्यापर्यंत जाणारा बारीक धावदोरा त्यांनी स्वतः घातलेला आहे. ती गोधडी आता ट्रंकेत नसते, खाटेच्या पायथ्याशी घडी घालून ठेवलेली असते. त्या खोलीला रंग तिचाच आहे, दुसरा कुठला लागत नाही.

बोलता बोलता आईंनी वाईच्या घराविषयी जे सांगितले त्याने माझ्या मनातला एक गुंता सुटला. जुन्या घरांच्या खोल्या मला नेहमी मोकळ्या आणि तरीही वसलेल्या वाटत. त्या घरांच्या भिंती दीड-दोन फूट जाडीच्या असत, आणि वस्तू त्या जाडीतच राहत: दिव्याला कोनाडा, डब्यांना फडताळ, उपरण्याला आणि छत्रीला खुंटी. जमीन आपोआप मोकळी राही. आमच्या फ्लॅटमधल्या आतल्या भिंती चार ते सहा इंचांच्या आहेत. त्यांच्यात कोनाडा बसत नाही, म्हणून प्रत्येक लहान वस्तू टेबलावर, फरशीवर किंवा कपाटाच्या अंधारात जाते. पसारा हा नेहमीच माणसाच्या स्वभावाचा दोष नसतो, पुष्कळदा भिंतीने जागा न दिल्याचा तो परिणाम असतो. आम्ही सुताराकडून सहा इंच खोलीची, चार फूट लांबीची एकच फळी आईंच्या खाटेवर बसल्या हाताला येईल अशा उंचीवर ठोकून घेतली. पोथी, चष्मा, औषधांचा डबा, पाण्याचा तांब्या आणि रेडिओ त्यावर राहतात. कॅलेंडर तिच्याच बाजूला आहे, पेन्सिल दोऱ्याने बांधलेली आहे.

सतरंजी आम्ही काढली. गुळगुळीत टाइलवर सुती सतरंजी सरकते आणि वयस्कर माणसाचा पाय घसरायला तेवढे पुरते. खाटेची उंची १८ इंच केली, म्हणजे बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतात. उबदार प्रकाशाचा माझा आग्रहही इथे थोडा सोडावा लागला. वयानुसार डोळ्यातले भिंग पिवळसर होते आणि आत जाणारा प्रकाश घटतो, त्यामुळे माझ्या दिव्याखाली त्यांना पोथीतली जोडाक्षरे लागत नव्हती. वाचायला त्यांना अधिक तेजाचा, ४००० केल्व्हिनचा दिवा दिला. पिवळा दिवा राहिला तो रात्री न्हाणीघराकडे जाण्याच्या वाटेवर, घोट्याच्या उंचीला.

लेकीच्या खोलीविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे, कारण तिथे मी काही केले नाही. ती चौदा वर्षांची आहे आणि तिला भिंतभर चित्रे, तिकिटे, मैत्रिणींची पत्रे आणि वाळलेली पाने लागतात. तिच्याशी बोलून एका भिंतीवर ६ फूट बाय ४ फुटांचा सॉफ्टबोर्ड लावला. त्या चौकटीत काय लावायचे, किती लावायचे हे सर्वस्वी तिचे. उरलेल्या तीन भिंती कोऱ्या ठेवण्याचे तिने मान्य केले आणि आजवर पाळलेही आहे. बोर्ड भरला की ती स्वतःच जुने काही उतरवते. ते उतरवताना ती बराच वेळ घेते, आणि तो वेळ तिला द्यावा असे मला वाटते.

आता आषाढ लागला आहे. माझ्या खोलीतली घोंगडी गुंडाळून ठेवलेली आहे आणि फरशी उघडी आहे, त्यामुळे पुन्हा किंचित आवाज घुमतो. पावसाच्या आवाजात तो बराचसा बुडतो. गेल्या आठवड्यापासून आई संध्याकाळी तांदळाचे ताट घेऊन माझ्या खोलीत येतात आणि कोपऱ्यातल्या दिव्याजवळ खाली बसून निवडतात. त्या उजेडात खडे दिसत नसतील म्हणून मी कामाचा दिवा त्यांच्याकडे वळवून दिला. आज त्यांनी सांगितले की त्या जागी पाठ टेकायला भिंत गार लागते. पेटीच्या पलंगाबरोबर आलेला एक लांब तक्क्या माळ्यावर आहे. त्याला घालायला खणाचे कापड पुरेल का, हे उद्या मोजून पाहणार आहे.